देल्फिनाची चाळीस मिनिटे

मंगळवार, १४ मार्च २०२३. सकाळपासून वारा आणि धूळ. खिडक्या दोनदा पुसल्या. रविवारी घड्याळे एक तास पुढे केली, पण जाग अजून जुन्याच वेळेला येते. दहा वाजता चर्चमध्ये फुले नेऊन दिली. चार वाजता एवारिस्तो आला. त्याला २००१ सालची वही हवी आहे. मी म्हटले, शोधून ठेवते. वही हरवलेली नाही. कपाटात वरून तिसऱ्या खणात आहे.

एवारिस्तो ओलिवास माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणात एकच भिंत आहे आणि ती आम्ही दोघांनी मिळून तीनदा रंगवली. सतराव्या वर्षी तो वाळवंटातल्या गावातून इथे हुआरेसला आला आणि मोटारींच्या वायरी बांधणाऱ्या कारखान्यात लागला. सुरुवातीला नुसत्या पिवळ्या वायरी उचलून बायकांच्या टेबलांवर टाकायचे काम होते. संध्याकाळच्या वर्गात जाऊन तो कॉम्प्युटर शिकला, आणि पस्तिशीत त्याच्याकडे कारखान्याच्या हजेरीच्या यंत्रांचे काम आले. फाटकावर कार्ड दाखवले की यंत्र वेळ टिपते. ती वेळ बरोबर आहे की नाही हे पाहणारा माणूस म्हणजे एवारिस्तो. कारखान्यातल्या बायका त्याला "घड्याळाचा नवरा" म्हणत.

"नोएमी, तुझा नवरा दुसरीबरोबर असतो बरं दिवसभर," असे त्या त्याच्या बायकोला चिडवायच्या.

"असू दे," नोएमी म्हणायची, "ती निदान वेळेवर तरी पाठवते घरी."

हे काम ऐकायला सोपे वाटते, आमच्या शहरात ते सोपे नाही. नदी म्हणजेच सरहद्द: या काठाला आम्ही, त्या काठाला दुसऱ्या देशातले एल पासो. त्या काठाला आम्ही नुसते "पलीकडे" म्हणतो. उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करायची तारीख पलीकडचे सरकार एक ठरवते, आमचे सरकार कधी तीच ठरवते, कधी वेगळी. कारखान्याचे साहेब पलीकडे राहतात, बायका इकडे. त्यामुळे इथे कुणी "आठ वाजता ये" म्हटले की ऐकणारा विचारतो, "आपल्या आठ की पलीकडच्या आठ?" आणि माझ्यासारख्या काही म्हाताऱ्या असतात, ज्या मनगटावरच्या घड्याळाला कधी हातच लावत नाहीत. त्या वेळेला आम्ही देवाची वेळ म्हणतो.

एवारिस्तोकडे या गोंधळावर एक उपाय होता. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर तो एक हुकूम टाइप करायचा, त्याच्यापुढे शहराचे नाव आणि साल. मग ओळी यायच्या. त्या शहरात घड्याळ केव्हा केव्हा बदलले, त्याची यादी. प्रत्येक बदलाच्या दोन ओळी: एक सेकंद आधी किती वाजले होते, आणि त्या सेकंदाला किती वाजले. बाकी काही नाही. त्या हुकमाचे नाव झेडडंप. एवारिस्तो त्याला "सेतादुंप" म्हणायचा, आणि मला ते कुठल्यातरी आडगावच्या संताचे नाव वाटायचे. जगातली काही माणसे ही यादी हौसेने सांभाळतात, पगार न घेता, असे त्याने मला सांगितले होते. वर्षातून दोनदा तो यादी छापून फाटकावर लावायचा.

आता २००१ बद्दल लिहायला हवे.

त्या वर्षी पलीकडे एक एप्रिललाच घड्याळे पुढे गेली आणि आमच्या सरकारने ठरवले, इथे मेमध्ये. महिनाभर दोन काठांमध्ये एक तासाचे अंतर होते. कारखान्यात रोज कुठल्यातरी पाळीच्या बायका तासभर फाटकाबाहेर उभ्या राहत. म्हणून मंगळवारी, २४ एप्रिलला सकाळी, नोएमीला कळा सुरू झाल्या तेव्हा एवारिस्तो कारखान्यात यंत्रांच्या मागे हात घालून बसला होता. तिला दवाखान्यात मी नेले. चार खाटांचा छोटा खाजगी दवाखाना होता तो, आता बंद झाला. डॉक्टर पलीकडून पूल ओलांडून येत, म्हणून भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या वेळेवर ठेवलेले असे. त्या दिवशी डॉक्टर एक वाजेपर्यंत आले नाहीत. होती ती चायो नावाची सुईण, साठीची, हातात देवाच्या वेळेचे घड्याळ घातलेली. आणि मी.

मुलगी झाली. नोएमीला तेव्हा शुद्ध नव्हती.

दुपारी एवारिस्तो धावत आला तेव्हा दवाखान्याच्या दारातच चायोने त्याला सांगितले, "चाळीस मिनिटं जगली. मी बाप्तिस्म्याचं पाणी घातलंय. नाव देल्फिना. दोन्या तीनाच्या हातात होती." दोन्या तीना म्हणजे मी.

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी जिच्या हातात मूल असते ती त्या आईबापांची कोमाद्रे होते, आणि बाप तिचा कोम्पाद्रे. हे नाते रक्ताच्या नात्याइतके पक्के, मरेपर्यंतचे. एवारिस्तोने चायोकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"कोमाद्रे," तो म्हणाला. त्याने मला तसे पहिल्यांदाच म्हटले. "डोळे उघडले होते तिने?"

"हो," मी म्हटले.

"कसे होते?"

"तुमच्यासारखे."

चार दिवसांनी तो नोंदणीच्या कचेरीत गेला. चायोने भरलेला कागद त्याच्या हातात होता. मूल झाले तेव्हा तिने भिंतीकडे पाहून लिहिले होते, जन्म ११.४०. नंतर मनगटाकडे पाहून लिहिले, मृत्यू ११.२०.

कारकुनाने कागद दोनदा वाचला. "साहेब, जन्मायच्या वीस मिनिटं आधी मेलेल्या मुलीला जन्माचा दाखला मी कसा देऊ?"

"दोन वेगळी घड्याळं होती हो. भिंतीवरचं पलीकडच्या वेळेचं होतं."

"इथे एप्रिलमध्ये घड्याळं बदललीच नाहीत यंदा. तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत नाही?" एवारिस्तो म्हणाला. "मला?"

कारकुनाने दुसरा कागद भरला. मूल मेलेलेच जन्मल्याचा. त्या कागदात नावाची जागाच नसते.

तेव्हापासून एवारिस्तोला एकच गोष्ट हवी होती. एक दाखला, ज्यावर देल्फिना ओलिवास असे नाव असेल आणि दोन वेळा असतील, ज्यांच्यामध्ये चाळीस मिनिटे असतील. त्यांना पुढे मूल झाले नाही. एप्रिल आला की नोएमी केक करायची, छोटा, मेणबत्ती न लावता, आणि एक तुकडा भिंतीवरून मला द्यायची. एवारिस्तो तेव्हा सांगायचा, "डोळे माझ्यासारखे होते म्हणतात." मी केक खायचे.

२०१२ मध्ये तो यादी छापून पुन्हा कचेरीत गेला. एका कागदावर पलीकडच्या घड्याळांची यादी, एका कागदावर इकडची. दोन्ही शेजारी ठेवली की एप्रिल २००१ मधला एक तास कुणालाही दिसला असता. पण तेव्हा त्या यादीत आमच्या शहराचे नावच नव्हते. आधी आम्ही चिवावाच्या नावाखाली होतो, मग सीमेवरच्या ओहिनागाच्या. कचेरीत आता एक तरुण बाई होती. तिने कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे ओहिनागाचं आहे."

"बाई, आपलंच आहे. यादीत आपण ओहिनागाच्या नावाखाली येतो."

"ओहिनागा इथून पाच तासांवर आहे. तुमची मुलगी तिथे जन्मली का?"

"नाही."

"मग ओहिनागाचा कागद मला कशाला दाखवता? उद्या तुम्ही मला न्यूयॉर्कचा दाखवाल."

घरी येऊन त्याने हे मला आणि नोएमीला करून दाखवले, त्या बाईच्या आवाजात. नोएमी हसता हसता रडायला लागली. "तू त्या यादीवाल्यांना पत्र लिही," ती म्हणाली, "की आम्हीसुद्धा आहोत म्हणावं." त्याने खरेच लिहिले. एक सभ्य उत्तर आले की जोवर दोन्ही शहरांची घड्याळे एकसारखी चालतात तोवर वेगळे नाव देत नाहीत.

नोएमी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गेली. साथीमुळे इस्पितळात कुणाला आत सोडत नव्हते. फोनवर बोलली. बाकी सगळे बोलणे घरातले होते, चाव्या कुठे, तिचा कोट कुणाला द्यायचा. शेवटी म्हणाली, "मुलीचा कागद मिळव, एवारिस्तो. नाहीतर आपण दोघंच होतो असं वाटेल लोकांना."

गेल्या वर्षी सरकारने उन्हाळ्याची वेळच रद्द केली. सीमेवरच्या शहरांनी आरडाओरडा केला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी आमचे घड्याळ पुन्हा पलीकडच्यासारखे झाले, पण ओहिनागाचे आमच्यापेक्षा वेगळे राहिले. दोन शहरे वेगळी झाली म्हणून यादीवाल्यांना नवे नाव घालावे लागले. एवारिस्तो कागद घेऊन माझ्या दारात आला, चप्पल न घालता, नोव्हेंबरात.

"आलं, कोमाद्रे. नाव आलं आपलं. हे बघा, सिउदाद हुआरेस. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला."

मी चष्मा लावून पाहिले. छत्तीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आमचे शहर होते.

त्याने वकील केला आणि अर्ज कोर्टात गेला. न्यायाधीश बाईंनी यादी मान्य केली. एप्रिल २००१ मध्ये दोन काठांमध्ये एक तास होता, हे त्यांनी लिहूनही घेतले. मग विचारले, पण दवाखान्याचे घड्याळ पलीकडच्या वेळेवर होते याला पुरावा काय? दवाखाना नाही, डॉक्टर नाहीत, चायोला जाऊन आठ वर्षे झाली. त्या दिवशी लिहिलेले काही आहे का?

म्हणून तो काल माझ्याकडे आला.

"तुम्ही सगळं लिहिता," तो म्हणाला. "दूध नासलं तरी लिहिता. घड्याळाचं लिहिलंच असणार."

"लिहिलं असेल."

"गुरुवारी तारीख आहे. वही द्यायची आणि शपथ घ्यायची, की यात लिहिलंय ते सगळं खरं आहे. मग बाई ते पान मोठ्याने वाचून घेतील. एवढंच. दहा मिनिटांचं काम."

"सगळं पान?"

"तसा नियम आहे. अर्धं पान पुरावा होत नाही म्हणे."

मी मठाच्या शाळेत शिकले. रोजनिशी लिहायला मदर इग्नासियांनी लावले, बारा वर्षांची असताना. त्यांचा एकच दंडक होता: तू पाहिलेले वेगळे लिही, ऐकलेले वेगळे लिही, दोन्ही एकत्र करू नकोस. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी तसेच लिहीत आले. बोलताना मी इतकी काटेकोर नाही.

एवारिस्तो गेल्यावर मी वही काढली. पान वाचले नाही. मला ते पाठ आहे. वही सापडत नाही असे सांगता आले असते. चोवीस एप्रिल २००१ चे पान फाडून, ते कधी नव्हतेच असे म्हणता आले असते, पण पाने शिवलेली आहेत आणि मागच्या बाजूला पंचवीस तारीख आहे. कोर्टात जाऊन काहीही सांगता आले असते. पण पान तिथे वाचले जाणारच होते, परक्या बाईच्या तोंडून, आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकणार होता. त्यापेक्षा माझ्या स्वयंपाकघरात वाचलेले बरे, एवढे मी ठरवले.

आज, बुधवारी, दुपारच्या पाळीच्या आधी तो आला. इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू कोर्ट आजच आहे. मी कॉफी ठेवली, दालचिनी घातली, गव्हाच्या तोर्तिया गरम केल्या. वही त्या पानावर उघडून त्याच्यासमोर ठेवली. तो छापील यादी वाचतो तसाच वाचू लागला, ओळीखालून बोट सरकवत. पान असे आहे:

"पाहिले: दवाखान्यातले भिंतीवरचे घड्याळ एक तास पुढे, पलीकडच्या वेळेवर. माझ्या घड्याळात १०.४० ला मुलगी. रडली नाही. रंग निळा. चायोने 'तू जिवंत असशील तर' असे म्हणून पाणी घातले. माझ्या हातात होती. नाव देल्फिना, आजीचे. डोळे मिटलेले. ११.२० पर्यंत दोघींनी चोळले. छातीवर बोट ठेवले, काही लागले नाही. ऐकले: चायो म्हणते, आधी धुगधुगी होती."

"हे बघा!" पहिल्याच ओळीला तो ओरडला. टेबलावर थाप मारली, कॉफी सांडली. "एक तास पुढे! पलीकडच्या वेळेवर! तुम्ही बाई नाही, तुम्ही नोटरी आहात. आणि दहा चाळीस. दहा चाळीस ते अकरा वीस, कोमाद्रे, बरोबर चाळीस!"

"पुढे वाचा," मी म्हटले.

बोट पुढे गेले. "तर" या शब्दाखाली ते थांबले. तिथेच बराच वेळ होते. मग शेवटपर्यंत गेले आणि परत तिथेच आले.

"हे 'तर' काय आहे?"

"तसं म्हणायची रीत आहे. खात्री नसली की म्हणतात."

"चायोला खात्री नव्हती?"

"ती म्हणत होती, आधी होती धुगधुगी. मला नाही लागली."

"आणि डोळे?"

मी वही त्याच्याकडे सरकवली. पानावर होतेच.

"तुमच्यासारखे, म्हणालात तुम्ही."

"म्हणाले."

"मी नोएमीला सांगायचो. ती विचारायची, पुन्हा सांग, आणि मी पुन्हा सांगायचो." त्याने सांडलेली कॉफी सदऱ्याच्या बाहीने पुसली. पांढरा सदरा होता. "तुम्ही समोर बसून केक खायचात."

"हो."

माझ्याकडे माफीचे शब्द होते, बावीस वर्षे तयार करून ठेवलेले. ते मी बोलले नाही. त्याने मागितले नव्हते.

बाहेर गॅसवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली. एवारिस्तोने मान वर केली. "ती चाळीस मिनिटं तुम्ही दोघी काय करत होता?"

"चोळत होतो. एक दमली की दुसरी. मी लोकरीच्या शालीत धरली होती, चायो पाठीला चोळायची. मग मी चोळायची."

"थांबला नाहीत?"

"नाही. अकरा वीसला चायोने माझे हात धरले."

"मग चाळीस मिनिटं खरी आहेत."

"खरी आहेत."

"तिची नाहीत फक्त," तो म्हणाला. "तुमची आहेत."

मी म्हटले, चायोचे म्हणणेही वहीत लिहिलेले आहे, ती सुईण होती, तिच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. न्यायाधीश बाई तिचे ऐकतील. मी शपथेवर सांगेन की चायो खोटे बोलणारी नव्हती. मी बोलत राहिले. त्याने हात वर करून मला थांबवले, रागाने नाही, फाटकावर गर्दी थांबवतात तसा.

"माझ्या यादीत काय असतं, कोमाद्रे? एक सेकंद आधी किती वाजले आणि त्या सेकंदाला किती वाजले. 'अमका म्हणतो' असं तिच्यात नसतं. तसं असतं तर मी तीनशे बायकांची हजेरी तिच्यावर लावली नसती." त्याने वही मिटली. "बरं झालं, नोएमीला हे वाचावं लागलं नाही."

मग त्याने वकिलाला फोन लावला, माझ्यासमोरच. वकिलाचा आवाज मोठा आहे, मला सगळे ऐकू येत होते.

"उद्या येत नाही मी. अर्ज मागे घ्या."

"अहो, आता? पुरावा मिळाला नाही का?"

"मिळाला."

"मग? घड्याळाचं काय निघालं?"

"घड्याळ बरोबर होतं," एवारिस्तो म्हणाला. "मी म्हणत होतो तसंच होतं. तासभर पुढे."

"मग मागे कशाला घेताय? जिंकलो की आपण!"

त्याने फोन बंद केला. कप धुतला, उलटा ठेवला. यादीचे कागद त्याने टेबलावरून उचलले, चार घड्या घालून खिशात ठेवले. रविवारपासून तिसऱ्या फाटकावरची दोन यंत्रे अजून जुनी वेळ दाखवत आहेत, तीन वाजता पाळी बदलायच्या आत ती लावायला हवीत, असे म्हणाला. दारात थांबून सदऱ्याची बाही पाहिली.

"कॉफीचा डाग जातो का हो?"

"थंड पाण्यात मीठ घालून भिजवा. लगेच."

"घरी गेल्यावर," तो म्हणाला आणि गेला. बसथांब्यापर्यंत तो चालत जाताना मला खिडकीतून दिसला. एका बाईने त्याला वेळ विचारली असावी, कारण तो थांबला, मनगट पाहिले आणि तिला काहीतरी सांगितले. ती मान हलवून निघून गेली. तो तिथेच उभा राहिला, त्याची बस आली आणि गेली तरी. दुसऱ्या बसने गेला.

मी बसून हे सर्व वेगळ्या कागदांवर लिहिले. २००१ ची वही पुन्हा तिसऱ्या खणात ठेवली. आजच्या पानावर, पाहिलेल्यात, एवढेच आहे:

बुधवार, १५ मार्च २०२३. वारा कमी. ए. ने पान वाचले. उद्या कोर्टात जायचे नाही. एकही कप फुटला नाही, मला वाटले होते फुटेल. गॅसची टाकी संध्याकाळी सहा वाजता संपली. राजमा अर्धा शिजला आहे, झाकून ठेवला.